चपला घालताना म्हणायचं वाक्य

आमच्या केंद्रात एक वाक्य म्हणायला बंदी आहे. शिव्या चालतात, लाजवंतीआंटी सिंधीतून देतात त्या आम्हा सगळ्यांना आता पाठ आहेत. राजकारण चालतं, देवधर्म चालतो, डॉक्टरांविषयी वाटेल ते बोललेलं चालतं. फक्त 'काही लागलं तर सांगा' एवढं म्हणायचं नाही. नवीन आलेला कार्यकर्ता पहिल्याच दिवशी ते म्हणतो, आणि खोलीतली सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघतात. बिचाऱ्याला वाटतं, आपल्या तोंडून काहीतरी अश्लील गेलं.

ही बंदी तावडेबाईंनी घातली. बाई आता नाहीत, बंदी आहे. ती मी आजवर एकदाच मोडली, आणि मोडली तीही बाईंच्याच दारात.

उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्याच्या वर आमची खोली आहे. खाली शिलाईची मशिनं सुरू झाली की वर टेबलावरचा चहा थरथरतो. जागा मुरलीशेठची आणि कारखानाही त्यांचाच. त्यांची आई कॅन्सरने गेली, तिच्या आठवणीत त्यांनी हे केंद्र काढलं. कॅन्सर झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना आधार द्यायचा, असा हेतू. रस्त्यावरून दिसेल असा लांबलचक बोर्ड लावला, त्यावर आईचा फोटो, खाली फोन नंबर. आम्ही कार्यकर्ते तिघं. लाजवंतीआंटी म्हणजे शेठजींची मावसबहीण. प्रज्ञा ही अंबरनाथच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी मुलगी. आणि मी, बदलापूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला.

सणासुदीला आम्ही हॉस्पिटलात जाऊन सफरचंदं वाटायचो. तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या हातात सफरचंद देऊन फोटो काढायचो. तो माणूस सफरचंदाकडे बघत बसायचा आणि आम्ही पुढच्या खाटेकडे जायचो. कधी कुणाच्या घरी गेलो तर चहा घेऊन उठायचो, दारात म्हणायचो, 'काही लागलं तर सांगा,' आणि खोलीवर परत येऊन फोनची वाट बघायचो. फोन अगदीच वाजायचा नाही असं नाही. जवळच्या गॅस एजन्सीचा नंबर आमच्या नंबराशी मिळताजुळता होता, त्यामुळे सिलिंडर कधी येणार हे लोक आम्हाला विचारायचे. शेवटी मुरलीशेठ म्हणाले, 'दिवाली तक देखेंगे, नहीं तो ऊपर माल रखेंगे.'

तेव्हा प्रज्ञाने तावडेबाईंना आणलं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचं कँटीन बाईंनी नोकरीची सगळी वर्षं सांभाळलं होतं, आणि प्रज्ञाचे वडील त्याच कंपनीत होते. बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा कधीच वारलेला, मुलगा नाशिकला, आणि बदलापुरात एकट्या. उंच, हाडापेराने मजबूत, पदर कमरेला खोचलेला, आणि पर्समध्ये एक स्टीलची पळी. पळी कशाला, असं मी एकदा विचारलं. 'लागते,' म्हणाल्या. आवाज कँटीनच्या एक्झॉस्ट पंख्यावर मात करता करता तयार झालेला. निवृत्तीनंतर पंखा मागे राहिला, आवाज बरोबर आला.

माणसांची वर्गवारी त्या शिफ्टवरून करत. फर्स्ट शिफ्टचा म्हणजे भरवशाचा, सांगितलेलं करणारा. सेकंड शिफ्टचा म्हणजे बोलका आणि थोडा आळशी. थर्ड शिफ्टचा हा अपमान होता. मी सेकंड शिफ्टमध्ये होतो आणि त्यावर समाधानी होतो. आणखी एक गोष्ट आमच्या लवकरच लक्षात आली. बाई कुणाकडून काही घेत नसत. चहा नाही, पाणी नाही, पावसात छत्रीखाली आसराही नाही. पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा. त्यात भाकरी, भाजी आणि एक हिरवी मिरची. लाजवंतीआंटींनी गुढीपाडव्याला दिलेली साडीसुद्धा त्यांनी 'आहेत मला' म्हणून परत केली. आंटींनी तेव्हा सिंधीतून जे म्हटलं ते आम्ही पाठ केलेल्यांपैकी आहे.

पहिल्याच बैठकीत बाईंनी विचारलं, 'वर्षभरात काही लागलं म्हणून किती जणांनी सांगितलं?'

'एकाने पण नाही,' प्रज्ञा म्हणाली.

'म्हणजे कुणाला काही लागत नाही. मग बंद करा. शेठजींना जीन्स ठेवू द्या.'

'ऐसे कैसे बंद?' लाजवंतीआंटी उसळल्या. 'अम्मा के नाम का है!'

बाईंनी त्यांना शांतपणे बोलू दिलं आणि मग सांगितलं, 'कँटीनला वाढायला नवीन माणूस आला की तो विचारायचा, भात वाढू का? जेवणारा म्हणायचा, नको. वाढपी पुढे जायचा, आणि जेवणारा त्या पातेल्याकडे बघत बसायचा. अख्खी शिफ्ट बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस. त्याला भात नको असेल? आपल्याकडे आधी नकोच म्हणतात. पहिलं नको सवयीचं, दुसरं लाजेचं. तिसऱ्यांदा विचारायला कोण थांबतंय? म्हणून मी सांगितलं, विचारायचं नाही, वाढायचं. खरंच नको असेल तर तो ताटावर हात आडवा धरेल.'

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'आणि सर, तुमचं ते वाक्य. ते कधी कुणी बसून म्हणतं का? चपला घालतानाच म्हणतात. निघायचं असतं म्हणून म्हणतात.'

मला त्यांचा राग आला. माझी बायको सुनंदा याच आजाराने गेली. तेव्हा आमच्या दारात किती जणांनी हे वाक्य म्हटलं असेल. सगळी चांगली माणसं होती, मनापासून म्हणत होती. मी प्रत्येकाला 'नको, नको, आहे सगळं' असं म्हणालो. घरात तेव्हा दूध नव्हतं, आणि सुनंदाला चहाशिवाय काही जात नव्हतं. बाई बोलत होत्या तेव्हा मला आमचा तो दरवाजा दिसला, एका पायावर तोल सांभाळत चपलेचा पट्टा लावणारी ती माणसं दिसली, आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं. बाई थांबल्या. 'झालं की सांगा,' म्हणाल्या, आणि खिडकीतून खाली बघत उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून नियम ठरला. ज्याला 'नको' हे उत्तर येऊ शकतं असा प्रश्न विचारायचाच नाही. 'डबा आणू का?' असं नाही, तर 'मंगळवारी आणू की बुधवारी? दुधी की पडवळ?' खोलीतल्या खुर्च्या गेल्या, दोन शेगड्या आल्या. कारखान्यात जीन्सचे धागे कापणाऱ्या बायका दुपारच्या सुट्टीत वर येऊन भाज्या चिरू लागल्या. कुणाला काय चालतं, काय गिळता येतं, हे प्रज्ञा डॉक्टरांकडून विचारून आणायची. त्याप्रमाणे मऊ भात, वरण, बिनतिखटाच्या भाज्या. बोर्ड बाईंनी उतरवला. 'बोर्डाखालून जिना चढताना कुणी बघितलं तर पोरीचं लग्न अडेल, म्हणून माणसं येत नाहीत,' म्हणाल्या. जाडजूड, सपाट बोर्ड होता. तो आडवा टाकून त्याचं पोळ्या लाटायचं टेबल झालं.

माझी पहिली कामगिरी बदलापूरच्या पुढे एका गावात होती. भोईर नावाच्या घरी, पेशंटला डबा. गावात शिरल्यावर मी विचारलं, 'भोईरांचं घर कुठलं?' ज्याला विचारलं तो हसला. ते अख्खं गाव भोईरांचं आहे, हे भूगोलाच्या शिक्षकाला माहीत असायला हवं होतं. त्याने हात केला त्या दिशेला एका पडवीत एक बारीक, काळसर माणूस खाटेवर पडलेला दिसला. दुपारची वेळ होती, म्हणून पडला होता. मला वाटलं, हाच.

'नको मास्तर,' तो म्हणाला, 'जेवान हाय घरान.'

पहिलं नको सवयीचं. मी विचारलं, 'पुढचा डबा मंगळवारी आणू की बुधवारी?'

'कसला वार? नको नको, तुमी कशाला तरास घेता?'

दुसरं लाजेचं. 'दुधी की पडवळ?' मी विचारलं.

तो खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, 'परवल.'

त्यानंतर कित्येक आठवडे मी धर्मा भोईरला जेवू घातलं. त्याच्या अंगावर तेज आलं. बैठकीत मी सांगायचो, 'भोईरांची तब्येत झपाट्याने सुधारतेय,' आणि लाजवंतीआंटी हात जोडायच्या. मग एकदा प्रज्ञाने त्या घरी फोन केला, तर कळलं की पेशंट म्हणजे एक काकू होत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्तनाचं ऑपरेशन झालेल्या, आणि त्यांच्या दारात आजपर्यंत एकही डबा पोचला नव्हता.

बाई स्वतः माझ्याबरोबर गावात आल्या. धर्मा पडवीतच होता.

'तुम्हाला काही झालेलं नाही, हे तुम्ही सांगितलं का नाहीत?' बाईंनी विचारलं.

'मला वाटला, निवडनूक आली,' धर्मा म्हणाला. 'मास्तर पक्ष कंचा ते सांगत नव्हते, म्हनून मी पन इचारला नाय. दोनदा नको बोललो ना मी. तिसऱ्यांदा बोलला तर मानसाला वाईट वाटतं.'

मी जमिनीकडे बघत होतो. बाईंनी अंगणातल्या टेम्पोकडे बघितलं. धर्मा त्यातून भाजी न्यायचा.

'जेवलात ना?' बाई म्हणाल्या. 'आता गाडी काढा.'

त्याने काढली. आज केंद्राचे सगळे डबे धर्माच त्या टेम्पोतून पोचवतो, आणि पेशंटला हॉस्पिटलात नेणं-आणणंही तोच करतो. आपण फुकट जेवलो ही गोष्ट त्याच्या मनातून अजून गेलेली नाही आणि ती जाऊ नये याची बाई काळजी घेत असत.

खऱ्या भोईरकाकूंकडे डबा सुरू झाल्यावर एक नवीनच भानगड झाली. पहिला डबा परत आला तो घासूनपुसून, आत भोपळ्याच्या घारग्या. दुसरा आला, आत तिळाची चटणी. आम्ही आनंदाने खात होतो. बाईंनी घारगी हातात घेतली आणि धर्माला विचारलं, 'कुणी केल्या?'

'काकूनीच. रिकामा डबा कसा देनार?'

'हात वर होतो का त्यांचा?'

'नाय. डाव्या हातान तललं.'

बाईंनी घारगी खाली ठेवली. प्रज्ञाने इतर घरी चौकशी केली, तर सगळीकडे हेच. आमच्या डब्यात परत काय घालायचं या विवंचनेत सगळी आजारी घरं तळत, भाजत, लाडू वळत होती. आम्ही लोकांना आधार देत होतो आणि लोक आमच्यासाठी राबत होते. आमच्या लोकांना मदत करणं हे किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंचा दुसरा नियम तिथून आला. डबा तिथल्या तिथे रिकामा करून घ्यायचा आणि खरकटाच परत आणायचा. घासायचा इथे. यावर जे वादळ उठलं ते मी काय सांगू. आजाराचं नाव ऐकून शांत राहिलेल्या बायका आमच्यावर ओरडल्या. 'आमच्या घरातून खरकटं भांडं बाहेर जाणार?' ओढाओढी व्हायची. माझ्या हातून डबा हमखास सुटायचा. लाजवंतीआंटींच्या हातून कधी सुटला नाही, त्यामुळे अवघड घरं त्यांच्याकडे दिली.

दिवाळीच्या तोंडावर मुरलीशेठ चार पाहुणे आणि एक फोटोग्राफर घेऊन आले. केंद्राचं नूतनीकरण झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, रिबन कापायची होती. जिन्याखाली थांबून त्यांनी वर बघितलं. बोर्ड नव्हता. तीन-तीन पायऱ्या चढत ते वर आले.

'बाई, मेरी अम्मा का बोर्ड किधर है?'

'हा काय,' बाई म्हणाल्या. त्यावर पोळ्या चालल्या होत्या. आईचा फोटो मात्र बाईंनी आधीच सोडवून शेगडीसमोरच्या भिंतीवर लावला होता, तिथून खोलीतलं सगळं दिसतं.

शेठजींचा चेहरा लाल झाला. 'ये क्या किया आपने...'

'बसा.'

'नहीं नहीं, मैं खाके आया.'

तोवर पान मांडून झालं होतं. मुगाची खिचडी आणि ताक. शेठजींनी उभ्या उभ्या एक घास घेतला, मग बसले. सगळं संपवलं. पाहुणे दारात रिबन धरून उभे होते. शेठजी फोटोकडे बघत म्हणाले, 'अम्मा के टाइम पे सब आते थे, साईं. सब बोलते थे, कुछ काम हो तो बोलना. मेरे को बोलने का आता ही नहीं था.' त्यांनी डोळे पुसले. बाईंनी त्यांना आणखी एक पळी खिचडी वाढली आणि मग पाहुण्यांना, फोटोग्राफरलाही वाढली. फोटो राहूनच गेले. निघताना शेठजी म्हणाले, 'दिवाली के बाद देखेंगे.' त्यानंतर बऱ्याच दिवाळ्या झाल्या, आणि माल अजून खालीच आहे.

एवढं सगळं सांगितलं म्हणजे बाई नेहमी बरोबर असत असं नाही. एका बाबतीत त्यांचं आणि प्रज्ञाचं जन्मभराचं भांडण होतं. प्रज्ञा डबा द्यायला गेली की बसायची. शहाडच्या एका आजोबांकडे तर तासभर. तिचे पुढचे डबे गार व्हायचे.

'त्यांना डबा नकोच असतो बाई,' प्रज्ञा म्हणायची. 'कोणीतरी येतं म्हणून घेतात. मी उठले की विचारतात, एवढ्यात निघालीस? कधी कधी माणसाला नुसतं कुणीतरी बसायला लागतं.'

'बसून काय होतं? बोलणं पोटात जातं?'

'तुमच्याकडे कधी कोणी बसलेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.'

खाली मशिनं चालू होती. बाई म्हणाल्या, 'पीठ मळा.' प्रज्ञाने पीठ मळलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आजोबांकडे तासभर बसली. बाईंनी तिला थर्ड शिफ्टमध्ये टाकलं. वर काढलं नाही.

मग एक दिवस जेवताना प्रज्ञाने मला कोपराने ढोसलं. बाईंनी डब्यातली मिरची खाल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मिरचीच नव्हती आणि भाकरीच्या जागी दहीभात होता. दुसऱ्यांच्या डब्यावरून त्यांचं दुखणं ओळखायला आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं. प्रज्ञाने विचारलं तर 'पित्त झालंय' म्हणाल्या. पुढे अधूनमधून येईनात. 'मुलाकडे नाशिकला जाते,' असं सांगायच्या.

अशाच एका दिवशी धर्मा एका पेशंटला घेऊन हॉस्पिटलात गेला होता. रांगेत त्याच्या पुढे बाई बसलेल्या. हातात फाइल, मांडीवर पर्स, त्यातून पळीचा दांडा वर आलेला. तो काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, 'तुमच्या पेशंटकडे लक्ष द्या.'

संध्याकाळी त्याने ते आम्हाला सांगितलं. लाजवंतीआंटींनी एकही शिवी दिली नाही, त्यावरून किती गंभीर आहे ते कळलं. प्रश्न एकच होता. बाईंना वाढायचं कुणी? ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही, तिच्या दारात डबा घेऊन उभं कोण राहणार? मी बदलापुरातच राहतो म्हणून मला पाठवलं.

बाईंनी दार उघडलं. डोक्याला रुमाल होता. मी पाठ करून गेलो होतो. 'बाई, मंगळवारी डबा आणू की बुधवारी?'

'सर,' त्या म्हणाल्या, 'हे मी शिकवलंय तुम्हाला.'

'दुधी की पडवळ?'

'नको. कशाला उगाच.'

पहिलं. मी आणलेला डबा पुढे केला.

'खरंच नको हो. आहे सगळं.'

दुसरं. मी डबा तिथल्या स्टुलावर ठेवला. बाईंनी त्याच्या झाकणावर हात आडवा धरला. त्या हाताला सुईच्या जागी पट्टी होती. हात आडवा म्हणजे खरंच नको, असं बाईंचंच शास्त्र होतं. त्यापुढचा नियम आम्हाला कुणी शिकवलेला नव्हता. मी डबा घेऊन परत आलो.

'हाथ रखा तो क्या हुआ?' लाजवंतीआंटी म्हणाल्या. 'हाथ के नीचे से रख दो.'

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेल्या, डबा ठेवला आणि बाई दारापर्यंत येईतो टेम्पोत जाऊन बसल्या. डबा परत आला तो लख्ख घासलेला, आत लिंबाचं लोणचं. त्याच्या पुढच्या वेळी रव्याचे लाडू. किमोवरून आलेली बाई आमच्यासाठी लाडू वळत होती. आम्ही ते बोर्डाच्या टेबलावर ठेवले आणि सगळ्यांनी एकेक खाल्ला, कारण टाकून देणं शक्य नव्हतं. चांगले झाले होते. सुनंदाच्या वेळी मी दारात 'आहे सगळं' म्हणायचो तेव्हा समोरच्या माणसाला कसं वाटत असेल, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

लाडवांच्या बाबतीत धर्माने मार्ग काढला. तो डबा घेऊन गेला की बाईंच्या स्वयंपाकघरात शिरायचा, त्यांच्या भांड्यात जेवण काढायचा आणि डबा घेऊन पळायचा. बाई मागून ओरडायच्या. आवाजात अजून पंख्यावर मात करण्याइतका दम होता, त्यामुळे शेजारीपाजारी दारं उघडून बघायचे. 'मी तुमचा जेवलो बाई,' धर्मा गाडीतून ओरडायचा, 'आता तुमी आमचा जेवा!' मुलगा नाशिकहून येऊन जाऊन राहू लागला, त्याला ही झटापट बघून पहिल्यांदा पोलिसांना बोलवावंसं वाटलं होतं.

मग हळूहळू ओरडणं थांबलं. बाई जेवू लागल्या, नावं ठेवत जेवू लागल्या. 'दुधी कच्चा आहे.' 'भाताला पाणी कमी.' 'हे पडवळ सरांनी केलंय का? मग त्यांना सांगा, भूगोलच शिकवा.' हे निरोप धर्मा आम्हाला शब्दशः आणून द्यायचा आणि आम्ही त्यावर जगायचो. डॉक्टर प्रज्ञाशी बोलत होते, त्यामुळे पुढे काय आहे ते आम्हाला माहीत होतं. बाईंना आमच्या आधी माहीत होतं.

त्या दिवशी धर्माबरोबर मी गेलो होतो. मुलगा औषधं आणायला बाहेर गेला होता. धर्मा गाडीत थांबला, पुढे बरेच डबे द्यायचे होते. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, अंगावर शाल, खूपच लहान झालेल्या. मी भात मऊ करून वाढला. त्यांनी चार घास खाल्ले, पाचव्याला ताटावर हात आडवा धरला, आणि या वेळी मी थांबलो. मग त्यांनी स्टुलावरचा डबा स्वतःच्या हाताने उचलून माझ्याकडे दिला. घासलेला नव्हता. कडेला वरणाचा ओघळ तसाच होता. त्यांनी तो पदराने पुसलासुद्धा नाही, आणि दुसरीकडे बघितलं.

मी डबा पिशवीत टाकला, दाराशी गेलो, एका हाताने चौकट धरून चपला घालू लागलो. काय झालं मला कळत नाही. इतक्या वर्षांची बंदी, इतक्या नवीन लोकांना मीच दटावलेलं. पण दार, चपला, खोलीत आजारी माणूस, आणि तोंडून आपोआप निघालं, 'बाई, काही लागलं तर सांगा.'

जीभ चावली. मागून शिफ्टचा उल्लेख येणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

'लागतंय,' बाई म्हणाल्या.

मी वळलो. त्या वाक्याला कुणी असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, पाणी असेल, नाहीतर ताक.

'थोडं बसा.'

मी चपला परत काढल्या आणि त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलो. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, मीही तिकडेच बघू लागलो. जरा वेळाने खाली धर्माने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, जरा लांब. पुढचे डबे गार होत होते. मी उठायला म्हणून गुडघ्यांवर हात टेकले.

'वाजवू दे,' बाई म्हणाल्या.